खाली सुकं, वर तेलकट

३ मार्च, सोमवार

पोचले एकदाची! बॅग उघडायच्या आधी वही उघडली आहे, कारण आज कुणाला तरी सांगायचंच आहे आणि दादाला फोन केला तर तो फक्त हसेल. चाळिशीची बाई, सतरा वर्षं दुसऱ्यांच्या कवळ्या बनवून पोट भरणारी, ती आता तीन महिने चित्रकला शिकायला निघाली म्हणून तो गेले पंधरा दिवस हसतोच आहे. हसू दे. हौसेला मोल नाही.

घर मस्त आहे. गल्लीच्या अगदी टोकाला, तीन मजली, बाहेरून एखाद्या कचेरीसारखं कंटाळवाणं. आत शिरलं की जवसाच्या तेलाचा आणि टर्पेंटाईनचा वास. सगळ्यात वर स्टुडिओ, त्याला उत्तरेकडे भिंतभर खिडकी. बाई म्हणाल्या की उत्तरेचा उजेड दिवसभर बदलत नाही म्हणून चित्रकार तो धरून बसतात. माझी खोली स्टुडिओला लागून. बाई मधल्या मजल्यावर राहतात. तळमजल्यावर स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे एक मोठी खोली, ती फक्त शनिवारी उघडतात म्हणे.

बाई साठीच्या असतील. उंच, केस पांढरेशुभ्र, बोलणं मऊ. नखांखाली मात्र रंगाची काळी रेघ. मी दिवसातून वीस वेळा हात धुणारी, माझं मन तिथेच अडखळलं. त्यांनी माझं मनगट धरलं, दोन बोटांत मापलं आणि खूश होऊन म्हणाल्या की चांगली सुकी आहेस. घ्या! ज्या हाडांनी मला लग्नाच्या बाजारात नापास केलं, त्यांचं इथे कौतुक. दादा तर मला लहानपणापासून काडीच म्हणतो.

आता खरं कारण लिहून ठेवते. आईला जाऊन दीड वर्ष झालं. घरी भिंतीवर खिळा आहे, पण त्यावर लावायला फोटो नाही. आईने जन्मात कॅमेऱ्याकडे पाहिलं नाही. प्रत्येक फोटोत तिचा कान नाहीतर पाठ. आणि गेल्या महिन्यात भांडी घासताना माझ्या लक्षात आलं की मला तिची हनुवटी आठवत नाही. हातातलं पातेलं तसंच राहिलं. ती पुरती पुसली जायच्या आत मला तिला कागदावर आणायचंय. बस, एवढंच.

६ मार्च, गुरुवार

पहिले तीन आठवडे पेस्टल. पेस्टल म्हणजे खडूसारखी कांडी, नुसता रंग आणि त्याला धरून ठेवण्यापुरता चिमूटभर डिंक. कागदावर ओढायची आणि बोटाने चोळायची. मी बॅगेतून हातमोजे काढले तर बाईंनी ते माझ्या हातातून घेऊन सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकले. त्यांचं म्हणणं, गाल चोळायचा तर कातडीला कातडीच लागते. मला कसंसंच झालं, पण शिकायला आलोय तर नाक मुरडून चालणार नाही.

दिवसभर त्या धुळीत बसायचं. नाक शिंकरलं की रुमालावर गालाचा रंग. शी!

दुसरे शिष्य म्हणजे इंजिनकाका. आगगाडीचं इंजिन चालवून निवृत्त झालेले, बायको गेलेली, सकाळी येतात, संध्याकाळी जातात. पोट असं की चित्र ठेवायच्या ईझलपासून हात लांब करून रंगवावं लागतं. गोड माणूस. हसताना त्यांची वरची कवळी सटकते, तर मी न राहवून विचारलंच. डाव्या बाजूला तडा गेलेला. बॅगेत माझा दुरुस्तीच्या सामानाचा डबा होताच, ॲक्रिलिकचं गुलाबी ठिगळ लावून दिलं. माझ्या गुलाबीची छटा त्यांच्या कवळीहून किंचित गडद निघाली, म्हणून मी हळहळले. ते म्हणाले, आता जन्मभर मिरवतो. 

जेवायला त्यांना लोणी, साय, तळलेलं. मला कोरडा पाव आणि उकडलेल्या भाज्या. मी गमतीत तक्रार केली, तर बाई म्हणाल्या की ज्याच्या त्याच्या प्रकृतीप्रमाणे.

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी जिन्यातच ओकारी आली. स्वयंपाकघरात बाई सरस शिजवत होत्या. कॅनव्हासला रंग लावायच्या आधी सरसाचा हात द्यावा लागतो, नाहीतर तेल कापड खातं. सरस म्हणजे जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा चीक. रात्रभर भिजवून फुगवायचा आणि पाण्यात ठेवलेल्या पातेल्यात मंद गरम करायचा. उकळू द्यायचा नाही. रंग मधासारखा, वास मेलेल्या ओल्या कुत्र्याचा. मला ढवळायला लावलं. वर येणारी साय चमच्याला लोंबत होती.

मग बाईंनी या विद्येचा सगळ्यात मोठा नियम सांगितला: खाली सुकं, वर तेलकट. पहिल्या थरात तेल जवळजवळ नाहीच. पुढच्या प्रत्येक थरात आधीच्यापेक्षा थोडं जास्त. उलट केलं, खाली तेलकट थर घातला, तर वरचं सगळं घसरतं, सुरकुततं, फाटतं. त्यांच्या हातून ही चूक एकदाच झाली आहे म्हणे. सांगताना त्यांचा आवाज बसला. बिचाऱ्या, किती जीव लावतात कामाला.

१५ मार्च, शनिवार

मागची खोली पाहिली.

मधोमध लांबलचक टेबल आणि त्यावर चित्र आडवं ठेवलेलं. उभं केलं तर खाली ओघळतं, म्हणून आडवं. वर मलमल. बाईंनी मलमल सोलली, हो सोललीच म्हणते, कारण ती चिकटली होती. त्यांच्या नवऱ्याचं चित्र, पुरुषभर उंचीचं. तेही चित्रकार होते, आठ वर्षांपूर्वी गेले. दर शनिवारी प्रत्येक शिष्याने या चित्रावर एक थर द्यायचा, हीच इथली गुरुदक्षिणा. थर चढून चढून ते आता गादीएवढं जाड झालंय. चेहरा एका बाजूला घसरलेला, एक डोळा जवळजवळ कानापाशी. वर पिवळट तेल सुटलेलं, नाकाच्या खाचेत साचलेलं.

मी खांद्यापाशी ब्रश टेकवला तर खालचं दबलं आणि परत वर आलं. हाताला ऊब लागली. काका म्हणाले की तेल वाळताना गरम होतं, चिंध्यासुद्धा पेट घेतात. असेल. पण वास तेलाचा नव्हता. दुपारपर्यंत मी साबणाची अर्धी वडी संपवली.

परत जावं का? पण कालच पेस्टलमध्ये आईचं कपाळ जमलंय. अगदी तिचंच, मधल्या आठीसकट.

२५ मार्च, मंगळवार

काका पाच दिवस आले नाहीत. बाई म्हणाल्या, मुलीकडे गेले, परगावी. मला न सांगता! मी चक्क फुगून बसले. म्हातारा एवढा ताई-ताई करत मागे असायचा आणि साधा निरोप नाही. त्यांचा रंगाळलेला कोट अजून खुंटीवर आहे.

शनिवारचे ब्रश धुवून टर्पेंटाईनने माझे हात फाटलेत. बाईंनी कोमट सरस ब्रशने बोटांवर लावला. त्यांच्या मते चित्रकारांचं जुनं औषध. वाळला तशी कातडी आवळत गेली, मुठी वळेनात. संध्याकाळी गरम पाण्यात हात बुडवले तेव्हा बोटांवरून पारदर्शक पापुद्रे सुटून पाण्यात तरंगले. मला माझ्याच हातांची किळस आली.

३१ मार्च, सोमवार

तेलरंगाला सुरुवात. आई आता कॅनव्हासवर आहे! आधी सगळं करड्या रंगात, सुकं. त्यावर पातळ, पारदर्शक, तेलकट थर.

जिन्याच्या दक्षिणेकडच्या खिडकीत नव्या तेलाच्या बरण्या ओळीने मांडल्यात. उन्हात ठेवलं की तेल घट्ट होतं. बाई म्हणतात, जवसापेक्षा हे भारी, गालांसाठीच राखून ठेवतात. खरंच जादू आहे. एक हात फिरवला आणि आईच्या गालावर रक्त आलं. बारीक कामासाठी ब्रशला टोक हवं, तर बाईंनी ते ओठांत धरून काढायला शिकवलं. ई! मी तर मरायला टेकले तरी दुसऱ्याचा चमचा तोंडात घालणार नाही. पण दहा-बारा वेळा केल्यावर सवय झाली. चव खारट लागते, थोडी रश्श्यासारखी.

भूक फार लागते. पावाचे दोन तुकडे सोडून काही मिळत नाही. जिना चढताना मध्ये बसावं लागतं.

१४ एप्रिल, सोमवार

हनुवटी आली!

कशी आली कळलं नाही. सावली पुसत होते आणि एकदम ती तिथे होती, थोडी पुढे, मधे बारीक खळी, रागावली की थरथरायची तशीच. मी ब्रश खाली ठेवला आणि ढसाढसा रडले. आई गं, कुठे होतीस इतके दिवस! दादाला फोन केला. तो या वेळी हसला नाही. तीन तारखेला बघायला येतो म्हणाला.

एकच खुटखुट. गालावरचा थर चौदा दिवस झाले तरी वाळलेला नाही. बोट लावलं की चिकटतं. जवसाचं तेल इतक्या उकाड्यात आठवड्यात धरतं, हे मला बाईंनीच शिकवलं. न वाळणारं तेल एकच, तेही त्यांनीच शिकवलंय. चरबी. मी विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या की जे वाळतं ते मेलं. माणूस ओला असतो, म्हणून त्याचं चित्र ओलं राहायला हवं.

बरण्या कसल्या, हे विचारायचं माझ्या जिभेवर होतं. विचारलं नाही. गाल पुरा व्हायचा होता.

१९ एप्रिल, शनिवार

मागच्या खोलीत आज बाईंच्या नवऱ्याच्या चित्राचा चेहरा फाटला होता. ओठांपाशी, बोटभर. बाई मलमल ओली करायला गेल्या, मी वाकून पाहिलं.

आत दाढ आहे.

रंगवलेली नाही. सतरा वर्षं मी दुसरं काय पाहिलंय? खालची डावी दाढ, घासून सपाट झालेली, वर चांदीचं जुनं सिमेंट. मुळाशी हिरडी, काळी पडलेली. फटीतून पिवळं पाणी झिरपत होतं आणि त्यात त्यांच्या मिशीचा केस हलत होता.

हे त्यांचं नुसतं चित्र नाही. चित्र त्यांच्या अंगावर चढवलंय. आणि मी सहा शनिवार — या हातांनी —

बाई आल्या, फट लिंपली. लिंपताना आपल्या आपल्याशी बोलत होत्या की तेव्हा घाई झाली, ते फार लठ्ठ होते, खालीच तेलकट थर गेला, म्हणून टिकत नाहीत, घसरतात. मग माझ्या गळ्याच्या हाडांवरून अंगठा फिरवला.

बाहेर येऊन ओकले. पोटात काही नव्हतंच. पिवळं पाणी आलं आणि त्यालाही तोच रश्श्याचा वास.

२२ एप्रिल, मंगळवार

आईचा गाल अजून अर्धा, म्हणून तीन दिवस पळणं पुढे ढकलत राहिले. आज ब्रश धुवायला स्वयंपाकघरात गेले. मोरीपाशी पातेल्यावर मलमलची झोळी टांगलेली, तेल गाळायची. खाली थेंब थेंब. झोळीच्या तळाला काहीतरी कडक लागलं. चाचपलं. मग झोळी उलटी केली.

वरची कवळी. डाव्या बाजूला गुलाबी ठिगळ. बाकीच्याहून किंचित गडद.

माझं काम मी विसरत नाही.

काका. ब्रशला टोक काढताना माझ्या ओठांत — आईच्या गालावर — शी, शी, शी! जीभ टॉवेलने घासली, रक्त येईपर्यंत घासली. चव जात नाही.

दार उघडं होतं. बाई बाजारात होत्या. दारातून रस्ता दिसत होता, कुणीतरी कुत्र्याला फिरवत होतं. चार पावलं टाकली असती तर सुटले असते. पण आई वर होती. तिला इथे सोडून? मग परत ती हनुवटी कुठून आणू?

वर गेले. ओलं चित्र नुसतं उचलता येत नाही. मागच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून, अंगापासून लांब, पावलागणिक जिना उतरायचा. काकांसारखे हात लांब करून. खालून दुसऱ्या पायरीवर बाई उभ्या होत्या, हातात पिशवी.

त्या काटकुळ्या म्हातारीला मी ढकलू शकले असते. हात मोकळे करायचे, एवढंच होतं. पण हात सोडले असते तर चित्र पालथं पडलं असतं. चेहरा पुसला गेला असता. मी हात सोडले नाहीत. मूर्ख! मूर्ख काडी! बाईंनी चित्र अलगद माझ्याकडून घेतलं, भिंतीला टेकवलं आणि तेवढ्याच अलगदपणे मला —

तारीख माहीत नाही

डोकं ठणकतंय. मागची खोली. दुसरं टेबल. वही अंगातल्या कपड्यात होती, पेन्सिलचं थोटूक आहे; वरचं मंगळवारचंही इथेच लिहिलं. फोन नाही. शेजारच्या टेबलावर बाईंचे ते. रात्रंदिवस तेल ठिबकल्याचा आवाज.

पाय तागाच्या पट्ट्यांत गुंडाळलेत, वर सरस. लाकूड झालेत. हातांना मनगटापासून कोपरापर्यंत, बोटं तेवढी मोकळी. पहिला थर पातळ हवा, बाई म्हणतात, घाई करायची नाही. माझ्या कपाळावरून हात फिरवतात, आईसारखा. या वेळी चूक होणार नाही म्हणतात. खाली मी. वर ते, काढून, नीट, नव्याने. त्यावर बरण्यांतलं तेल.

पाणी देतात. पाव नाही.

परत

गळ्याला सरस लावला आज. वाळला की गिळता येत नाही. माश्या येतात आधी त्यांच्यावर बसतात मग माझ्यावर, पाय चिकटले की तिथेच फडफडतात. एक ओठापाशी आहे. हाकलता येत —

दादा तीन तारखेला येणार. दादा येणार.

शनिवार. शनिवारच, कारण

दादाचा आवाज! स्वयंपाकघरात. भिंतीपलीकडे. 

ओठ सकाळीच लिंपले बाईंनी. हाक घशात आहे, बाहेर — पाय आपटायला वाकत नाहीत —

बाई सांगतायत की ती गेली. काकांच्या मुलीकडे, परगावी, चार दिवस. चित्र तुमच्यासाठी ठेवून गेली.

त्याची पावलं चित्राकडे गेली.

रडतोय. दादा रडतोय. म्हणतोय आई. आई गं म्हणतोय. हुबेहूब म्हणतोय, आमच्या काडीने काढलं? मी हसलो तिला, म्हणतोय

दादा मी इथे

विचारतोय ओलं कसं अजून. बोट लावू नकोस. दादा बोट नको लावू, ते काका —

लावलं. म्हणतोय ऊब लागते. जशी ती

खिळ्यावर लावतो म्हणाला. घरी गेल्या गेल्या. दोन्ही हातांनी धर असं सांगतायत बाई, लांब धर, पुसेल नाहीतर

दार

गेला

पातेलं उतरवल्याचा आवाज. ब्रश झटकतायत. आता डोळ्यांना म्हणाल्या होत्या, डोळे शेवटी, कारण ते ओले अस